रिपोर्टवरची दोन अक्षरं

आठवीत असताना आमच्या वर्गात बोट टोचायला लोक आले होते. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, पावसाळ्याचे दिवस, आणि सरांच्या टेबलावर रांगेत मांडलेल्या काचेच्या बारीक नळ्या. नळीतल्या द्रावणात रक्त टाकायचं, थोडा वेळ थांबायचं, मग नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या की सुटका. माझ्या नळीतलं पाणी गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सरांनी पाच नावं मोठ्यानं वाचली. "हे पाच जण सिकलसेल पॉझिटिव्ह आहेत." बस, एवढंच. मधल्या सुट्टीपर्यंत माझ्या बाकावरचा मित्र मागच्या बाकावर जाऊन बसला होता. त्याचा दोष नाही. 'पॉझिटिव्ह' हा शब्द आम्ही तोवर एड्सच्या पोस्टरवरच वाचला होता. घरी आई रात्रभर रडली, कारण आत्याच्या घरी काय झालं ते तिनं जवळून पाहिलं होतं. महिनाभरानं पक्का रिपोर्ट आला. त्यावर दोन अक्षरं होती, एएस. सिस्टर म्हणाल्या, "काही नाही जी, वाहक आहे हा." आता माझ्या लेखी वाहक म्हणजे एसटीतला कंडक्टर. खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. मी काय वाहून नेतोय, कुठून कुठे, हे कुणी सांगितलं नाही.

ती गढूळ होणारी नळी एएस आणि एसएस यांतला फरक सांगूच शकत नाही, हे मला कळलं तेव्हा मी इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो होतो. रक्तात एस प्रकारचं हिमोग्लोबिन पुरेसं असलं की ती गढूळ होते, इतकंच. एएस म्हणजे वाहक, साधारणपणे धडधाकट माणूस. एसएस म्हणजे आजार. मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. मग एका सुट्टीत मी शोधत बसलो, की हा फरक जगाला कळायला किती वेळ लागला. उत्तर आहे ३९ वर्षं. आणि कळल्यावरही तो लोकांच्या डोक्यात टिकवता आला नाही, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

पण आधी आत्याची गोष्ट सांगतो, नाहीतर हे सगळं नुसतं क्विझचं ज्ञान वाटेल.

आत्या आणि मामाजी, म्हणजे तिचे यजमान, दोघंही एएस. दोघंही शेतात राबणारे, कधी आजारी न पडलेले. दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिला मुलगा झाला, वर्षभरात त्याचे हातपाय सुजायला लागले, डोळे पिवळे दिसायला लागले. गावात कावीळ म्हणून झाडपाला झाला, माळ बांधून झाली. तो तीन वर्षांचा असताना नागपूरला निदान झालं, एसएस. डॉक्टरांनी आई-बापाचं रक्त तपासलं आणि सांगितलं, तुमच्या चार मुलांत एकाला हे होऊ शकतं. दोन वर्षांनी ताई झाली. तीही एसएस. दादा सहाव्या वर्षी गेला. ताप आला, दोन दिवसांत पानथरी वाढून पोट फुगलं, पोर पांढरंफटक पडलं, आणि गाडी मिळेपर्यंत संपलं.

आत्या अजूनही सांगते, "डॉक्टर म्हणे चारातलं एक. एक तं झालं होतं. मले वाटलं आता तीन चांगलेच येतीन."

डॉक्टरांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण 'चारातलं एक' हा वाटा नसतो, की एकाच्या पदरात पडला आणि बाकीचे मोकळे. प्रत्येक बाळंतपणाला दोन नाणी नव्यानं उडतात. आईकडे बीटा ग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक ए आणि एक एस. बापाकडेही तशाच दोन. प्रत्येक जण बाळाला एकच प्रत देतो, आणि कोणती द्यायची ते ठरवणारं कुणी नसतं. म्हणून दर वेळी २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के एएची. मागच्या बाळाला काय मिळालं हे नाण्याला आठवत नाही. हे एक वाक्य आत्याला त्या दिवशी कुणी तिच्या भाषेत सांगितलं असतं तर ताई झाली असती का? हा प्रश्न मी ताईसमोर कधीच विचारलेला नाही.

आता शिकागो. डिसेंबर १९०४ मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. खोकला, ताप, पायांवर जुन्या जखमांचे व्रण. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरानं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गोल पेशींच्या गर्दीत लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी नोएलला पुढे काही वर्षं तपासलं, आणि १९१० साली या केसवर निबंध छापला. सिकलसेलचा वैद्यकातला जन्म हा असा मानतात. हेरिक सावध माणूस होता. हा एक वेगळाच आजार आहे असं त्यानं ठामपणे म्हटलं नाही. निबंधात रोग्याचं नावही नव्हतं, ते इतिहासकारांनी कितीतरी दशकांनी शोधून काढलं. नोएल मात्र निबंधाची वाट बघत बसला नाही. दुखणं सोसत त्यानं पदवी घेतली, ग्रेनाडाला परत जाऊन दवाखाना थाटला, आणि १९१६ मध्ये छातीच्या आजारानं ३२ व्या वर्षी गेला. मला या सगळ्यात तोच माणूस सर्वांत जवळचा वाटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री कळा येत असतील तेव्हा तो काय करत असेल?

'जन्म' म्हटलं खरं, पण आजार त्याआधीही होताच. आफ्रिकेत होता, आपल्याकडच्या जंगलपट्ट्यात होता. फक्त पाहणाऱ्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हतं.

१९१७ मध्ये व्हिक्टर एमेल यांनी एक साधा प्रयोग केला. रक्ताचा थेंब दोन काचांमध्ये हवाबंद करून ठेवला. रोग्याच्या पेशी वाकल्या, यात नवल नव्हतं. पण रोग्याच्या बापाच्या पेशीही काही काळानं वाकल्या. बाप ठणठणीत होता. माझ्या लेखी ही एएसची पहिली नोंद आहे. तिचा अर्थ मात्र उलटा लावला गेला. १९२३ मध्ये एका कुटुंबाची वंशावळ मांडून असा निष्कर्ष निघाला, की एक प्रत आली की पेशी वाकतात, म्हणजे हे प्रभावी जनुक आहे. पेशी वाकतात इथवर ते बरोबर होतं. पण मग ज्याच्या पेशी वाकतात तो प्रत्येक जण रोगी, काहींचा रोग फक्त अजून झोपलेला, असं धरलं गेलं. अमेरिकेत तेव्हा वंशभेदाचा काळ. 'काळ्यांचं रक्तच वेगळं' म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. एखाद्या गोऱ्या माणसात अशा पेशी सापडल्या तर डॉक्टर आधी त्याच्या पूर्वजांत कुणी काळं होतं का ते शोधायचे.

गाठ सुटली १९४९ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन टोकांनी.

पहिलं टोक जेम्स नील यांचं. मिशिगन विद्यापीठात काम करणाऱ्या या आनुवंशशास्त्रज्ञानं तर्क असा बांधला: रोगाला दोन प्रती लागत असतील, तर प्रत्येक रोग्याचे आई आणि बाप दोघंही वाहक असलेच पाहिजेत. एक जरी सुटला तरी तर्क कोसळला. मग त्यांनी आई-बापांचं रक्त तपासलं, आणि दोन्हीकडच्या पेशी वाकल्या. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, बीट नावाचे डॉक्टर स्वतंत्रपणे याच उत्तरावर पोचले.

दुसरं टोक लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत, कॅलिफोर्नियात. पॉलिंग रसायनशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. या पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकतात हे १९४५ मध्ये एका गप्पांत त्यांच्या कानावर आलं, आणि त्यांनी लगेच ताडलं की दोष पेशीत नाही, आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असणार. सिद्ध करायचं काम आलं हार्वे इटानो या विद्यार्थ्यावर. दोन्ही हिमोग्लोबिनं विजेच्या क्षेत्रात सोडली तर ती वेगवेगळ्या वेगानं सरकली, कारण त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा होता. आणि वाहकांचं रक्त? त्यात दोन्ही होती. ए निम्म्याहून थोडं जास्त, एस थोडं कमी. माझ्या रिपोर्टवरची दोन अक्षरं तिथून येतात. चाचणीचं नाव इलेक्ट्रोफोरेसिस, आणि माझा 'पक्का रिपोर्ट' तिनंच केलेला. नोव्हेंबर १९४९ मध्ये हे काम छापून आलं तेव्हा शीर्षकात 'रेणूचा आजार' हा शब्दप्रयोग होता. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ.

इटानोबद्दल थोडं आणखी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानी आई-बापांचा हा मुलगा जन्मानं अमेरिकन. १९४२ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात पहिला आला, पण पदवीदान समारंभाला येऊ शकला नाही, कारण युद्धामुळे सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. पुढची पायरी ज्यानं चढली त्या व्हर्नन इन्ग्रमची गोष्टही फार वेगळी नाही. तो मूळचा जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचा ज्यू मुलगा, नाझींच्या तावडीतून निसटून इंग्लंडला आलेला. रक्तावरून माणसं वेगळी काढणाऱ्यांनी ज्यांना हाकललं, त्यांनीच हे रक्त वाचलं.

इन्ग्रमनं केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली काय केलं ते मला फार आवडतं, कारण डीबगिंग असंच करतात. हिमोग्लोबिनची सगळी साखळी वाचणं तेव्हा अशक्यप्राय होतं. मग त्यानं एका एन्झाइमनं तिचे सुमारे तीस तुकडे केले, ते कागदावर पसरवले, आणि ए व एस यांचे ठिपके शेजारी ठेवून पाहिले. सगळे जुळले, एक सोडून. मग फक्त तेवढा तुकडा उलगडला. १४६ अमायनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन होतं. बाकी सगळं सारखं. नंतर डीएनए वाचता आला तेव्हा कळलं, अकराव्या गुणसूत्रावर जीएजीच्या जागी जीटीजी, एवढाच बदल. (साखळी तयार होताना सुरुवातीला एक जास्तीचं आम्ल असतं आणि ते नंतर छाटलं जातं. ते मोजलं तर जागा सातवी येते, आणि हल्लीच्या नियमांनुसार सातवीच लिहितात. मोजणी शून्यापासून की एकापासून या भांडणातून जीवशास्त्रही सुटलेलं नाही.)

एका अक्षराचा बदल इतका का भोवतो? ग्लुटामिक आम्लाला पाण्यात राहायला आवडतं, व्हॅलीन तेलकट वृत्तीचं, पाणी टाळणारं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि हा तेलकट डाग शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो. त्याला तिसरा चिकटतो, मग चौथा. बघता बघता पेशीत ताठ दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. हाडांत, छातीत, पोटात कळा उठतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. एएसमध्ये मात्र ए आणि एस एकाच पेशीत मिसळलेले असतात. ए मध्ये आला की दोरे सहसा वाढत नाहीत. फार उंचीवर किंवा अतिश्रमानं पाणी आटल्यावर वाहकानं जपावं हे खरं, पण एरवी त्याचं आयुष्य इतरांसारखंच.

ताई कायम पाण्याची बाटली आणि स्वेटर जवळ ठेवते, मे महिन्यातही, एसीवाल्या ऑफिसात जायचं असेल तर. पाणी कमी पडलं, गारठा लागला, ताप आला, की कळ. ती म्हणते, "बाळंतपणाच्या कळा कधीतरी संपतात रे."

मग असं घातक जनुक टिकलं कसं? दोन प्रती आलेली मुलं पूर्वी मोठी होईपर्यंत जगतच नसत, तर हे केव्हाच संपायला हवं होतं. याचं उत्तर अँथनी अॅलिसन यांनी दिलं. ते लहानाचे मोठे केनियात झालेले. त्यांनी पाहिलं, की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहक भरपूर, दर पाचांत एकाहूनही जास्त, आणि उंच थंड भागात जवळपास नाहीत. मलेरियाचा नकाशाही नेमका असाच. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं, की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. मलेरिया होतच नाही असं नव्हे, पण त्यानं मरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. एसएस मुलांना हा फायदा नाही, उलट मलेरिया त्यांना फारच जड जातो. आमच्या क्षेत्रातले लोक यावर लगेच 'बग नाही, फीचर आहे' म्हणतील. मी हे आत्याच्या घरी बसून म्हणू शकत नाही.

भारतात याची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. आसामच्या चहामळ्यांवरच्या मजुरांतही त्याच वर्षी. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि विदर्भ या नकाशावर आला. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, तिकडे नंदुरबार, इथे गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत, आणि विदर्भातल्या अनुसूचित जातींत व काही ओबीसींतही तो आढळतो. ही यादी वाचून 'त्यांचा आजार' म्हणायचा मोह होतो, म्हणून सांगतो: जनुकाला जात कळत नाही. त्याला डासांचा प्रदेश कळतो, आणि लग्नं कुठे होतात ते कळतं. समजा एखाद्या समाजात दर पाचांत एक वाहक आहे आणि लग्नं समाजातच होतात. तर दोघंही वाहक असलेलं जोडपं पंचविसात एक, आणि एसएस बाळ शंभरात एक. समाजाबाहेर, जिथे हे जनुक विरळ आहे तिथे लग्न झालं, तर हा आकडा झपाट्यानं खाली येतो. जातीबाहेर लग्न करायला माझ्याकडे याहून चांगली कारणं आहेत, पण हेही एक.

आपल्याकडच्या एसच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकेतल्या एससारखा नाही. तो सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या लोकांशी जुळतो, म्हणून त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, आणि ते या दोऱ्यांत सामील होत नाही. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच ताडलं होतं, की एसएस बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही तो यामुळेच असावा. ताई रोज घेते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी हेच हिमोग्लोबिन वाढवते. आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्परचा उपचारही एसचं अक्षर दुरुस्त करत नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचा ब्रेक तेवढा काढतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. ताईनं ऐकलं आणि म्हणाली, "आमच्या पीएचसीत गोळी दर महिन्याला आली तरी पावलं."

आता त्या फरकाचं पुढे काय झालं ते. वाहक वेगळा, रोगी वेगळा, हे १९४९ मध्ये दाखवलं गेलं, आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत ते दिसलं त्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये एक सूचना लिहिली: हे जनुक असलेल्या प्रत्येक तरुण माणसाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. मी हे दोन-तीनदा वाचलं. हा माणूस तोवर दोन नोबेल मिळालेला, त्यातलं एक शांततेचं. बाळांचे हाल टळावेत हा त्याचा हेतू खरा होता, यात मला शंका नाही. पण आठवीच्या वर्गातली ती पाच नावं आठवली. आमच्या कपाळावर गोंदवायला सरांना सुईही लागली नव्हती.

गोंदण कुणी केलं नाही. कायदे मात्र झाले. १९७० नंतर अमेरिकेतल्या डझनभर राज्यांनी काळ्या लोकांची तपासणी सक्तीची केली, कुठे शाळेत घालताना, कुठे लग्नाच्या परवान्याआधी. काही कायद्यांत वाहक आणि रोगी यांची सरळ गल्लत होती. विम्याचे हप्ते वाढले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. त्याच काळात ब्लॅक पँथर पार्टीचे कार्यकर्ते वस्त्यांमध्ये फुकट तपासणी करत फिरत होते, कारण लोकांना भीती आजारापेक्षा तपासणाऱ्यांची जास्त होती.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते ग्रीसमधलं ऑर्कोमेनोस. कोपाइस नावाच्या उथळ सरोवराकाठचं हे गाव; सरोवर एकोणिसाव्या शतकात उपसून कोरडं केलं, पण मलेरियानं मागे ठेवलेलं जनुक राहिलं. गावात जवळपास चारांतला एक वाहक. लग्नं बहुतेक घरच्यांनी जुळवलेली, म्हणजे आपल्यासारखीच. संशोधकांनी गावाची तपासणी केली, प्रत्येकाला निकाल दिला, समजावून सांगितलं. सात वर्षांनी परत जाऊन मोजलं, तर वाहक-वाहक लग्नं जवळपास तितकीच निघाली, जितकी कुणालाच काही न सांगता झाली असती. चांगल्या रिपोर्टवाल्या घरांना वाहक सून किंवा जावई नको होता. म्हणून काहींनी निकाल लपवला, आणि वाहकांचं लग्न जमणंच अवघड होऊन बसलं. खरं तर वाहकाचं लग्न एएशी झालं तर एकही मूल एसएस होत नाही. नेमक्या त्याच घरांनी दारं लावून घेतली.

आपल्याकडे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं ध्येय आहे. आता बोट टोचून काही मिनिटांत एए, एएस, एसएस वेगळं सांगणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत, तेव्हा माझ्यासारखा महिनाभर अंधारात कुणी राहायला नको. निकालाचं कार्ड मिळतं, लग्नाआधी ते जुळवून पाहा, असं सांगतात. जन्मपत्रिकेची उपमा देतात. उपमा सोपी आहे, लोकांना पटते. मला तिची धास्तीही तेवढीच वाटते, कारण पत्रिका न जुळल्यावर आपण मुलीबद्दल काय बोलतो ते मी ऐकलंय. मुलाबद्दल कमी बोलतात. आत्याला तिच्या सासूनं दादाच्या आजाराबद्दल आयुष्यभर बोल लावले. मामाजींचा एस कुणाला दिसलाच नाही.

या दिवाळीत घरी माझा बायोडेटा तयार झाला. आमच्याकडे पत्रिका पाहत नाहीत, त्यामुळे तो एका पानात मावतो. उंची, शिक्षण, पॅकेज, रक्तगट बी पॉझिटिव्ह. त्याखाली मी एक ओळ टाकली: 'सिकलसेल वाहक (एएस)'.

आई म्हणाली, "कायले लिहितं हे? लोकं पयलेच धास्तावते."

बाबा काहीच बोलले नाहीत. ताई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिनं पान घेतलं, वाचलं, म्हणाली, "नुसतं एएस लिहून त्यायले काय समजन? खाली लिही, मुलीची एचपीएलसी तपासणी करून घ्यावी, खर्च आम्ही देऊ." हे मला सुचलं नव्हतं. नुसतं सिकल नाही म्हणूनही भागत नाही. समोरच्यात थॅलेसेमियाचं जनुक असलं तर एसबरोबर तेही आजार करतं, आणि गढूळ होणारी नळी ते पकडत नाही. ती ओळ टाकली.

सात-आठ ठिकाणी बायोडेटा गेला. दोन घरांनी 'कळवतो' म्हणून कळवलं नाही. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, "मुलाला किती वर्षांपासून आहे?" मी स्वतः बोललो, जन्मापासून आहे, आजार नाही, नाण्यांची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमची पोरगी जर साफ असेल तर काहीच नाही?" मी म्हटलं, "मुलं माझ्यासारखी होऊ शकतात. आजारी नाही." मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, 'साफ' काय म्हणता? एए म्हणा."

तिचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येणार आहे.